शिट्टीनंतरची दहा मिनिटं

(धामणगाव रेल्वे येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय फुटबॉलचा आहे, पण नव्वद मिनिटांच्या खेळाबद्दल मी कमीच बोलणार आहे. शेवटची शिट्टी होते आणि त्यानंतर मैदानावर जे घडतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. हरलेला किपर जर्सीत तोंड खुपसून बसलेला असतो. जिंकलेले नाचत असतात. नाचता नाचता कुणीतरी त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलतं, तिकडून उत्तर येतं आणि मग मोठी माणसं धावतात. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, ‘पोट्टे हायेत, चालायचंच.’ मला हे पटत नाही. खेळ संपल्यावर कसं वागायचं हे पोरांच्या स्वभावावर सोडून चालत नाही. पास द्यायला शिकवतो तसंच तेही शिकवावं लागतं, आणि शिकवायचं तर त्याला वेळ द्यावा लागतो.

फुटबॉलच्या नियमांनी हे ओळखलेलं आहे. शिट्टी झाली तरी कार्ड दाखवण्याचा रेफरीचा अधिकार संपत नाही. कतारच्या विश्वचषकात, 9 डिसेंबर 2022 रोजी अर्जेंटिना आणि नेदरलँड्स यांचा उपांत्यपूर्व सामना 2-2 असा सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. लाउतारो मार्टिनेझने शेवटची पेनल्टी मारली. त्याच्याकडे धावत सुटलेल्या अर्जेंटिनाच्या काही खेळाडूंनी आधी डच खेळाडूंकडे वळून त्यांना चिडवलं. ते छायाचित्र जगभर गेलं. डचांच्या डेन्झेल डमफ्रिसला लाल कार्ड मिळालं ते सगळं संपल्यावर. पुढे अर्जेंटिनाच्या ओतामेंदीने सांगितलं की पेनल्टी मारायला जाणाऱ्या आमच्या प्रत्येकाला एक डच खेळाडू येऊन काहीबाही बोलत होता. म्हणजे काय, तर ‘आधी त्यानंच केलं ना भौ!’ जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानावरची ही सबब आपल्या शाळेच्या मैदानावर रोज ऐकू येते.

मैदानातली ठिणगी मैदानातच विझते असं समजू नका. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल खेळत होते. खेळाडूंमधली धुसफूस गॅलरीत पोचली आणि त्या गोंधळात 16 प्रेक्षकांचा जीव गेला. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलवर कोल्हापूरइतकं प्रेम दुसरं कुठलं गाव करत असेल असं मला वाटत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींच्या नावांनी तिथे पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. याच गावाचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच प्रेमापोटी तिथे हाणामाऱ्याही झाल्या आहेत. प्रेम कमी करा असं मी कधीच सांगणार नाही. ते शिट्टीनंतर कुठे वळवायचं, हा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधलं गेलं ते कोलंबियातल्या मेडेयीन शहरात, फार मोठी किंमत मोजून. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला. तो मायदेशी परतला आणि 2 जुलैला मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्या वेळी तिथे राहणाऱ्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन माणसाने पुढे टोळ्यांच्या वस्त्यांमधली मुलं फुटबॉलवर एकत्र आणली. मुलगे आणि मुली एकाच संघात, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा, असा त्याचा नियम होता. त्यातून वाढलेली पद्धत आज ‘फुटबॉल थ्री’ या नावाने अनेक देशांत खेळली जाते. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात पुन्हा बसतात. रेफरी नसतो, मध्यस्थ असतो. तिसऱ्या भागात दोन्ही संघ समोरच्याच्या वागण्यावर बोलतात, एकमेकांना गुण देतात आणि ते गुण गोलांच्या गुणांत मिळवले जातात. गोल जास्त करूनही संघ मागे पडू शकतो!

ही पद्धत आपल्यापासून फार लांब नाही. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे नागपूर आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली तिथे झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे काम सुरू केलं, ते ‘स्लम सॉकर’. ‘झुंड’ या चित्रपटामुळे ते घरोघरी पोचलं. 2016 साली या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. तिथली मुलं हा तिसरा भाग खेळतात. ज्या पोराला घरी, वस्तीत, शाळेत कुणी कधी विचारलं नाही की ‘तुला काय वाटलं?’, त्याला तिथे समोरच्या संघापुढे बोलावं लागतं. त्याला म्हणावं लागतं, ‘तुमच्या सात नंबरनं मला पाडलं, पण हात देऊन उठवलंही.’ हे वाक्य तोंडातून निघायला हिंमत लागते. गोल मारायला लागते त्याहून जास्त, असं माझं मत आहे.

आपण सामन्यानंतर रांगेत हात मिळवतो. ती रीत चांगली आहे, राहू द्या. पण तिथे नजर दुसरीकडे ठेवूनही हात मिळवता येतो. कुस्तीत तसं करता येत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या दंगलीत चितपट झालेल्याला जिंकणारा उठवतो, दोघे मिठी मारतात, अंगाची माती एकमेकांना लागते. फुटबॉलवाल्यांनी ही रीत आपल्याच आखाड्यातून घ्यायला काय हरकत आहे? सवय लावली तर अशी रीत अंगात मुरते. जपानचा संघ 2018 साली रशियातल्या विश्वचषकात बेल्जियमकडून 2-3 असा हरला. दोन गोलांची आघाडी गेली आणि शेवटच्या क्षणी सामनाही गेला. इतकं दुःख पदरी असताना त्यांनी ड्रेसिंग रूम झाडूनपुसून लख्ख केली आणि रशियन भाषेत ‘धन्यवाद’ लिहिलेली चिठ्ठी ठेवून ते गेले. त्या रात्री एकाएकी सगळ्यांना सुचलं म्हणून हे घडलं नाही. जपानी शाळांमध्ये मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात. लहानपणी लागलेली सवय पराभवाच्या रात्री उपयोगी पडली.

म्हणून इथल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या शालेय स्पर्धांत प्रत्येक सामन्यानंतर दहा मिनिटं ठेवा, वेळापत्रकात छापून ठेवा. दोन्ही संघ मैदानाच्या मध्यात रिंगण करून बसतील. त्या दहा मिनिटांत पालकांनी रेषेच्या आत येऊ नये. आपल्या पोराला जवळ घ्यायला नंतर अख्खी संध्याकाळ आहे. वागणुकीचं बक्षीस पाहुण्यांनी ठरवू नये, हरलेल्या संघांना ठरवू द्या. मध्यस्थ कुठून आणायचे असं मला विचाराल. या सभागृहात असे कितीतरी जण असतील, जे तरुणपणी खेळले आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर थांबले. त्यांनी व्याख्यानानंतर कार्यकर्त्यांकडे आपली नावं नोंदवावीत.