आजारी माणसालाही विचारावे

(अकोट येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी दरवर्षीप्रमाणे शिक्षणावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु यंदा मी कर्करोगाविषयी बोलणार आहे. मी मॅट्रिक झालेला सामान्य शिक्षक. वैद्यकशास्त्रात मला गती नाही. तथापि या रोगापुढे कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा, हे मला मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

माझे थोरले बंधू कास्तकार होते. खर्‍याची सवय जुनी. गालाच्या आत झालेली जखम त्यांनी चार महिने अंगावर काढली. निदान झाले तेव्हा रोग जबड्याच्या हाडापर्यंत पोचला होता. आम्ही घरच्यांनी दोन गोष्टी ठरविल्या: दादांना रोगाचे नाव कळू द्यावयाचे नाही, आणि खर्चाला मागे पाहावयाचे नाही. दोन एकर वावर विकून त्यांना दूरच्या शहरी नेले. शस्त्रक्रिया झाली. वाचा गेली, अन्न नळीवाटे सुरू झाले. पाच महिन्यांनी, परक्या गावच्या भाड्याच्या खोलीत, त्यांनी मी दिलेल्या पाटीवर लिहिले, “तुमी समद्यायनं ठरवलं, मले कोनं इचारलं?”

थोड्याच दिवसांत ते गेले. त्याचे दुःख आहेच. परंतु मनात सलतो तो त्यांचा प्रश्न. कदाचित त्यांनीही शस्त्रक्रियाच पत्करली असती. तसे असते तर फळ तेच मिळते, पण हा सल राहता ना. पश्चात्ताप केवळ फळामुळे होत नाही. निर्णय ज्या रीतीने घेतला, तिच्यामुळेही होतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की रुग्णाला विचारावे. आजाराविषयी किती जाणून घ्यावयाचे आहे? कशाची भीती वाटते? काय सोसण्याची तयारी आहे, आणि काय नाही? “तुम्हीच ठरवा” असे तो म्हणाला, तर तोही त्याचाच निर्णय होय.

दुसरी विनंती अशी, की डॉक्टरांना पुढील चार प्रश्न कागदावर लिहून नेऊन विचारावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत. रोग कितपत पसरला आहे? उपचाराचा हेतू रोग समूळ घालविणे हा आहे, आयुष्य वाढविणे हा आहे, की वेदना शमविणे? उपचारानंतर बोलणे, गिळणे, काम करणे कसे राहील? दुसरा मार्ग कोणता, आणि उपचार न घेतल्यास काय होईल?

शंका राहिली तर तपासणीचे कागद घेऊन दुसर्‍या तज्ज्ञाचे मत घ्यावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय तर 1941 पासून हेच कार्य करीत आहे. मात्र या विचारात महिने दवडू नयेत. वावर विकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो काय, याची चौकशी करावी. मुंबईस राहण्याची चिंता पडते. आपल्या शेजारच्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते.

माझ्या बोलण्याचा अर्थ उपचार टाळावा, असा कोणी करू नये. तोंडातील जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाही, तर ती तत्काळ दाखवावी. वेळीच सापडलेला मुखकर्करोग पुष्कळदा बरा होतो. जडीबुटीच्या मागे लागून हा काळ घालविणे, याचाही पश्चात्ताप जन्मभर पुरतो. आणि रोग हटणार नाही असे ठरले, तरी वेदना कमी करणारे उपचार असतात. ते मागून घेणे म्हणजे रुग्णाला वार्‍यावर सोडणे नव्हे.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. हे चार प्रश्न छापून प्रत्येक सभासदाच्या घरी द्यावेत, आणि रुग्णासोबत इस्पितळात जाऊन उत्तरे नीट लिहून घेतील असे दोन सुशिक्षित तरुण नेमावेत. त्यांना दवाखान्याची माहिती करून देण्यास मी तयार आहे. घरात असा प्रसंग कोणावरही न येवो. आलाच, तर खाटेवरच्या माणसाला विसरू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.