विचारण्याची विद्या

आरोग्याच्या कामांत आंकड्यांचें महत्त्व कोणीहि नाकारणार नाहीं. किती मुलांस लस टोचली, किती रुग्ण बरे झाले, किती दगावले, हें कळल्यावांचून कोणत्याहि सरकारास धोरण आंखतां येणार नाहीं. परंतु आंकडा 'किती' एवढेंच सांगतो. 'कां' हें सांगण्याची शक्ति त्याच्या अंगीं नसते. त्या 'कां'चा पद्धतशीर शोध घेणाऱ्या शास्त्रास गुणात्मक संशोधन असें म्हणतात. त्याची गरज कोठें भासते, हें पाहावयाचें असेल, तर महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास असलेल्या गोंदिया जिल्ह्याकडे वळावें.

भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा अस्तित्वांत आला. भाताच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव, नवेगांवबांध-नागझिऱ्याचें अरण्य आणि सालेकसा-देवरीकडील गोंड वस्त्या असें त्याचें रूप आहे. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यांत हत्तीरोगाचा उपद्रव फार जुना. घाण पाण्यांत वाढणारे क्यूलेक्स जातीचे डांस या रोगाचे सूक्ष्म कृमि एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या अंगांत नेतात. हे कृमि वर्षानुवर्षें शरीरांत निमूटपणें राहतात. पाय सुजून हत्तीच्या पायासारखा झाला म्हणजे रोगाची ओळख पटते. पण तोंवर पाय पूर्ववत् होण्याची वेळ बहुधा टळलेली असते. म्हणून रोग दिसो वा न दिसो, कांहीं अपवाद वगळून गांवांतील सर्वांनीं वर्षांतून एकदां औषधाच्या गोळ्या घ्याव्या, अशी मोहीम २००४ सालापासून देशांतील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत हातीं घेण्यांत आली. डी. ई. सी. हें त्यांतील मुख्य औषध.

मोहिमेच्या वहींत वांटलेल्या गोळ्यांची नोंद होते. पण वांटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत पुष्कळ अंतर असतें, असें देशांतील अनेक पाहण्यांत आढळून आलें. हें अंतर कां पडावें? शहरांतील सुशिक्षित घरांत याचें उत्तर तयार असतें: 'लोक अडाणी आहेत.'

आतां गांवकऱ्याच्या बाजूनें पाहावें. डी. ई. सी.नें रक्तांतील कृमि मरूं लागले म्हणजे कित्येकांस ताप येतो, डोकें दुखतें, घेरी येते. ज्याच्या अंगांत कृमि नाहींत, त्यास बहुधा फारसा त्रास होत नाहीं. डॉक्टरच्या दृष्टीनें हा त्रास औषध लागू पडल्याची खूण. परंतु शेजाऱ्यास दिसतें तें निराळेंच. कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस गोळी घेतो आणि तापानें फणफणतो, एवढेंच त्याच्या डोळ्यांसमोर घडतें. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडणें म्हणजे काय, हें रोजच्या कमाईवर ज्याची चूल पेटते त्यासच ठाऊक. 'मला रोग नाहीं, मग आजारी पाडणारी गोळी मीं कां घ्यावी?' असें तो म्हणाला, तर त्याच्या तर्कांत दोष काढतां येणार नाहीं. त्याच्याजवळ एक माहिती कमी आहे, इतकेंच. आणि ती देण्याचें काम गोळी देणाराचें होतें. ताप कां येतो हें आधीं सांगणें, जेवणानंतरची वेळ साधणें, आपल्यासमोर गोळी घेववणें, मागाहून विचारपूस करणें, हे उपाय 'कां'चा शोध घेतल्यावरच सुचतात. 'अडाणी' या शब्दानें चौकशीचें दार बंद होतें.

लोकांना प्रश्न विचारण्यांत शिकावयाचें तें काय, असें पुष्कळांस वाटेल. गोंदियाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ सालीं सुरू झालें. अशा महाविद्यालयांतील एखादा विद्यार्थी वही घेऊन खेड्यांत गेला, अशी कल्पना करावी. 'गोळी घेतली ना?' असें त्यानें विचारलें कीं 'हो' असें उत्तर मिळेल. पाहुण्याचें मन मोडूं नये, ही गांवची रीत आहे. 'गोळ्या वांटावयास आले त्या दिवशीं घरांत काय काय झालें?' असें विचारून तो स्वस्थ बसला, तर मात्र हळूहळू खरी हकीकत बाहेर येऊं लागेल. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानें रोग्यास विचारावयाचे कांहीं साधे प्रश्न सुचविले आहेत: या दुखण्यास तुम्ही काय म्हणतां? तें कशानें झालें असें तुम्हांस वाटतें? त्याची सर्वांत मोठी भीति कोणती? या प्रश्नांस चुकीचें उत्तर असूंच शकत नाहीं, हीच त्यांची खुबी.

दुसरा धडा भाषेचा. गोंदियाकडे झाडीबोली बोलतात. तींत 'पाणी'चें 'पानी' होतें. कित्येक घरांत गोंडी, पोवारी, छत्तीसगढी वा हिंदी चालते. बोलणाराचें वाक्य जसेंच्या तसें टिपण्याऐवजीं पुस्तकी मराठींत उतरविलें, तर दुखण्याचें घरगुती नांव, त्यामागील समजूत आणि भीति हीं सारीं वाटेंतच गळून पडतात.

तिसरा धडा स्थळाचा. पूर्व विदर्भांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचा प्रश्न गंभीर आहे. आईबाप दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणांत मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. या रोगाच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि विवाहापूर्वीं रक्त तपासावें असा उपदेश होतो. चावडीवर दहाजणांत विचारलें, तर सर्वजण माना डोलावतील. परंतु लग्नाच्या मुलीची आई, आपल्या मुलीचा अहवाल बाहेर फुटला तर स्थळ मोडेल, ही भीति दहाजणांत कशी बोलून दाखवील? ती बोलेल तर एकांतांत, आणि आपलें नांव कोठेंहि जाणार नाहीं अशी खात्री पटल्यावर. ती खात्री देणें आणि जन्मभर पाळणें हा या विद्येचा धर्मच आहे.

ऐकलेलें नीट लावणें हें याहून कष्टाचें. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील रुग्णालयांत मरणोन्मुख रोग्यांचा अभ्यास केला आणि १९६७ सालीं या कामाची एक पद्धति ग्रंथरूपानें मांडली. प्रत्येक मुलाखत ओळीनें वाचावी, सारखे विचार एकत्र करावे, नव्या मुलाखतीशीं ताडून पाहावे, आणि नवें कांहीं निघेनासें झालें म्हणजे थांबावें, असा तिचा मथितार्थ. आपल्या अनुमानाविरुद्ध बोलणारा एखादा भेटला, तर त्याचेंच अधिक लक्षपूर्वक ऐकावें.

तीस माणसांच्या बोलण्यावरून लाखांचा निर्णय कसा करावा, असा आक्षेप येतो. निर्णय करावयाचाच नाहीं. काय मोजावें, तें ठरवावयाचें. शेजारच्या गडचिरोलींत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं वसा व अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकांत ती प्रसिद्ध झाली. शंभरांत ९२ स्त्रियांस स्त्रीरोग होते. पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या ८ होत्या. या स्त्रियांचें दुखणें तोंवर कोणत्याहि तक्त्यांत नव्हतें, कारण तें कोणी विचारलेंच नव्हतें. स्त्रियांकडून ऐकलेल्या गोष्टी डॉ. राणी बंग यांनीं 'कानोसा' या पुस्तकांत मांडल्या.

न ऐकण्याची किंमत जगानें २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत पाहिली. एबोलाची सांथ प्रेतास स्नान घालण्यानें पसरत होती, म्हणून पथकें प्रेतें उचलून नेऊं लागलीं. शेवटचा निरोपहि घेतां येईना, तेव्हां घरचीं माणसें रोगी आणि प्रेतें लपवूं लागलीं. मानवशास्त्रज्ञांनीं कुटुंबांचें म्हणणें ऐकून सल्ला दिला, आणि आप्तांस दुरून प्रार्थना करतां येईल असा सुरक्षित अंत्यविधि ठरविण्यांत आला. विरोध त्यानंतर ओसरूं लागला.

ही विद्या विद्यापीठांतील चारदोघांनींच शिकावी असें नाहीं. घरांतील आजोबा रक्तदाबाची गोळी चुकवितात, कामावरची बाई मुलास दवाखान्यांत नेत नाहीं, तेव्हां रागावण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. कारण कळलें म्हणजे उपाय बहुधा आवांक्यांतला निघतो.