ज्वारीची जात आणि जिभेची पारख



आज मी आपणांशीं बोलणार आहें तें एका मोडलेल्या भाकरीच्या निमित्तानें.

गेल्या वर्षीं आम्हीं शहरांतल्या एका दुकानांतून ज्वारीचें पोतें आणलें. पोत्यावर ‘मालदांडी’ हें नांव ठळक अक्षरांत छापलेलें होतें आणि भावही त्या नांवाला शोभेल असाच होता. परंतु पहिल्याच दिवशीं भाकरी थापतांना तिच्या कडांना चिरा पडूं लागल्या, परातींतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे झाले, आणि ताटांत आली ती भाकरी कडक व बेचव होती. घरांतील मंडळींनीं नेहमींप्रमाणें दोष करणारीच्या हातावर ठेवला. चार दिवसांनीं आमच्या आत्याबाई माढ्याहून आल्या. त्यांनीं पोत्यांत हात घातला, मूठभर दाणे उजेडांत धरून पाहिले, एक दांताखालीं फोडला, आणि माझ्या पत्नीला म्हणाल्या, “सूनबाई, तुझ्या हाताला कांहीं झालेलें नाहीं. हा दाणा पावसांतला आहे. हा आपला शाळू नव्हे.”

त्या दोन शब्दांनीं एका गृहिणीवरचा आळ दूर झाला. माझ्या मनांत मात्र एक प्रश्न राहिला. धान्याची जात आणि तें पिकण्याचा हंगाम यांचा चवीशीं इतका निकट संबंध असेल, तर धान्य घेतांना आपण भावापलीकडे दुसरें कांहींच कां विचारीत नाहीं?

हा प्रश्न केवळ आपल्या स्वयंपाकघरांतला नाहीं. अमेरिकेंत राय नांवाचें एक धान्य पिकतें. ही आपली फोडणीची राई नव्हे. गव्हाच्या जवळच्या कुळांतलें, थंडी सोसणारें असें तें धान्य आहे. त्यापासून तिकडे एक प्रकारची व्हिस्की करतात. तेथील कायद्याप्रमाणें ‘राय व्हिस्की’ हें नांव लावावयाचें तर मूळ धान्याच्या मिश्रणांत निदान ५१ टक्के राय असावी लागते. परंतु ती कोणत्या जातीची असावी याविषयीं कायदा मुका आहे. तो निर्णय करणाऱ्याच्या जिभेवर सोडलेला आहे. रायच्या चवींत मिऱ्यांची वा लवंगेची आठवण देणारा एक तिखटपणा असतो आणि तो सर्व जातींत सारखा उतरत नाहीं, असें तेथील जाणकार सांगतात.

अशाच एका जातीची कथा ऐकण्यासारखी आहे. १९०९ साली रोझेन नांवाच्या रशियन विद्यार्थ्याकडून मिशिगनच्या कृषि महाविद्यालयाला रशियांतील रायचें बियाणें मिळालें. त्यांतून जी जात तयार झाली तिला त्याचेंच नांव मिळालें. पण रायचा एक स्वभाव आहे. तिचा पराग वाऱ्यावर दूर जातो, आणि शेजारच्या शेतांतील परका पराग आला कीं पुढच्या पिढींत जातीची शुद्धता राहत नाहीं. म्हणून मिशिगन सरोवरांतील साउथ मॅनिटू या बेटावरच्या शेतकऱ्यांनीं, रोझेनखेरीज दुसरी राय बेटावर पेरावयाचीच नाहीं, असा नियम केला. भोंवतालचें पाणी त्यांचें कुंपण झालें. पुढें १९२० ते १९३३ या काळांत तिकडे मद्यबंदी आली, नंतर अधिक उत्पन्न देणाऱ्या नव्या जाती आल्या, आणि रोझेन मागें पडली. अलीकडे तेथील कांहीं मंडळी तिचें जपून ठेवलेलें बियाणें मिळवून तें पुन्हां पेरूं लागली आहेत. आणि तेंही केवळ चवीसाठीं.

श्रोत्यांपैकीं कोणाचा गैरसमज होऊं नये. घरीं दारू गाळणें हा आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे, आणि विषारी दारूनें उजाड झालेलीं घरें आपण पाहिलेलीं आहेत. ती कृति सांगण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. घ्यावयाचा तो धडा निवडीचा. तो धडा मात्र अमेरिकेंतून आणण्याचें कारण नाहीं. तो माढ्याच्या जात्यापाशीं केव्हांचा पाठ झालेला आहे.

माढा तालुक्याच्या एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला सीना. पाऊस बेताचा आणि लहरी, व त्यांतला बराचसा भाद्रपद-आश्विनांत पडणारा. म्हणून पावसाळ्यांत काळी जमीन मोकळी ठेवावयाची, तिच्यांत ओल मुरवावयाची, आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास शाळू पेरावयाचा, ही तिकडची जुनी वहिवाट. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पेरणीनंतर पुष्कळदां पावसाचा एक थेंबही पडत नाहीं. पीक वाढतें तें मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर. दाणा भरतो व वाळतो तो स्वच्छ, कोरड्या हवेंत. म्हणून त्याला मोत्याची झळाळी येते. खरिपाच्या ज्वारीचें दैव निराळें. तिचा दाणा पक्व होण्याच्या वेळीं पाऊस आला कीं त्यावर बुरशी धरते, दाणा काळवंडतो, आंतून भुसभुशीत होतो, आणि चवीला कडवटपणा येतो. आत्याबाईंनीं दांताखालीं ओळखलें तें हेंच.

या शाळूंतील सर्वांत मान्यता पावलेली जात म्हणजे मालदांडी. १९३० नंतरच्या दशकांत माढ्याच्या शेजारच्या मोहोळ येथें, शेतकऱ्यांच्याच मालदांडींतून निवड करून ३५-१ या क्रमांकाची जात काढण्यांत आली. ‘निवड’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. हा दोन जातींचा संकर नव्हता. लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खाऊन पसंत केलेल्या धान्यांतील उत्तम तेवढें वेगळें काढून तें शुद्ध वाढविलें, एवढेंच. इतकीं वर्षें लोटलीं तरी नव्या जातीची भाकरी चांगली कीं वाईट हें ठरवितांना तुलना मालदांडीशींच होते. त्याच जिल्ह्यांतील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालें.

परंतु माढ्याच्या जुन्या घरांत एकच ज्वारी सर्व कामांना चालत नसे. प्रत्येक पदार्थाला त्याचा दाणा ठरलेला असे, आणि त्या निवडीमागें शास्त्र होतें.

प्रथम भाकरी. गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लूटेन नांवाच्या द्रव्यामुळें. ज्वारींत तें नाहीं. तिला बांधून ठेवणारी वस्तु म्हणजे तिच्यांतील पिष्ट. आधणाच्या पाण्यानें तें फुगतें, चिकट होतें, आणि मग भाकरी हातावर फिरते. दाणा अगदीं कांचेसारखा कठीण असला तर पीठ रवाळ पडतें. अगदीं मऊ असला तर पिठाला बळ राहत नाहीं. मालदांडीचा दाणा या दोहोंच्या मध्यें बसतो. बाहेर पारदर्शक कठीण थर आणि आंत पांढरा पिठूळ गाभा. म्हणून तिची भाकरी थापतांना मोडत नाहीं, तव्यावर पापुद्रा धरते आणि रात्रीपर्यंत मऊ राहते. सकाळीं बांधलेली भाकरी दुपारीं शेतांत सोडणाराला ही गोष्ट किती मोलाची वाटत असेल, हें सांगावयास नको.

हुरड्याचा न्याय वेगळा. तेथें दाणा वाळलेला नसून दुधाळ अवस्था संपून घट्ट होऊं लागलेला असतो. त्या वेळीं त्यांत साखर भरपूर असते. पुढें तिचें पिष्ट होतें आणि गोडी ओसरते. ही संधि थोड्याच दिवसांची असते. शिवाय आगटींत भाजलेल्या कणसाचा दाणा हातावर चोळतांच कुसळांतून मोकळा सुटला पाहिजे. म्हणून हुरड्यासाठीं गूळभेंडी, कुचकुची, सुरती, दूधमोगरा अशा जाती बांधाकडेच्या चार ओळींत राखून ठेवीत. नांवांतच गूळ आणि दूध आहे, यावरून ठेवणाऱ्यांचें लक्ष कोठें होतें तें दिसतेंच. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानेंही हुरड्याकरितां फुले उत्तरा व फुले मधुर या जाती स्वतंत्रपणें दिल्या आहेत.

लाह्यांना याच्या उलट दाणा लागतो. नागपंचमीची लाही फुलते ती दाण्याच्या आंत कोंडलेल्या वाफेनें. वाफ कोंडून राहावयाची तर दाणा लहान आणि कठीण हवा. भाकरीचा टपोरा दाणा लाहीला घेतला तर निम्मे दाणे न फुलतां तसेच करपतात. या कामासाठीं त्याच विद्यापीठाची फुले पंचमी ही जात आहे.

शेवटीं आंबील. व्हिस्कीशीं नातें जोडावयाचेंच असेल तर तें या पदार्थाचें. दोहोंची सुरुवात धान्य आंबविण्यानें होते. फरक इतकाच कीं, तेथें यीस्ट साखरेचें मद्य करतें, आणि येथें ताकांतले सूक्ष्म जंतु तिचें आम्ल करतात. ज्वारीचें पीठ ताकांत कालवून रात्रभर ठेवावें, सकाळीं जिरें, लसूण, मीठ घालून शिजवावें, आणि थंड झाल्यावर प्यावें. मार्गशीर्षांतल्या वेळ अमावास्येला सोलापूरच्या पूर्वेकडे आणि लातूर-धाराशिवकडे शेतांत मडकीं भरून आंबील नेतात. या पेयांत मसाला थोडा, तळण नाहीं. त्यामुळें दाण्याचा दोष लपत नाहीं. तांबड्या सालीच्या कांहीं जातींत टॅनिन असतें, त्याचा तुरटपणा जिभेवर राहतो. बुरशीचा कडवटपणा तर पहिल्याच घोटाला कळतो. पांढऱ्या शाळूची आंबील मात्र गोडसर-आंबट व सौम्य उतरते. धान्याची परीक्षा घ्यावयाची तर मी प्रथम आंबीलच करावयास सांगेन.

इतकी बारीक पारख असलेलें हें ज्ञान मागें कां पडलें? त्याचा दोष कोणा एकावर टाकतां येत नाहीं. १९६४ साली देशांतील पहिली संकरित ज्वारी आली. तिनें खरिपाचें उत्पन्न वाढविलें आणि अनेकांच्या पोटांत अन्न घातलें, हें उपकार विसरतां येणार नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत परदेशची तांबडी मिलो खाऊन लोक जगले. भुकेपुढें चवीची चर्चा करणें शोभत नाहीं. नंतर माढा तालुक्यांतच भीमेवर उजनीचें धरण झालें, १९८० मध्यें तें पुरें झालें, आणि जेथें पाणी पोंचलें तेथें ऊंस आला. ज्याच्या शेताला पाणी मिळालें त्यानें शाळू सोडून ऊंस लावला, तर त्याला नांवें कोणी ठेवावीं? उंसाची खरेदी कारखाना करतो. शाळूच्या चवीचा भाव मात्र बाजारांत कोणीच करीत नव्हतें.

दुसऱ्या बाजूनें २००७ साली महाराष्ट्र शासनानें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना साहाय्य देण्याचें धोरण आखलें, आणि अन्नाचें मद्य करावें काय यावर मोठा वाद झाला. त्या वादांत एक गोष्ट क्वचितच बोलली गेली. असल्या कारखान्याला दाण्याच्या चवीशीं कर्तव्य नसतें. तेथें मद्यार्क इतका शुद्ध करतात कीं मूळ धान्याचा गंधही उरत नाहीं. काळवंडलेली ज्वारीही त्याला चालते. राय व्हिस्की करणारा जातीसाठीं झुरतो, कारण त्याला चव हवी असते. आपण भाकरी खाणारे लोक चवीसाठींच खातों, आणि तरीही धान्य घेतांना मद्यार्काच्या कारखान्याप्रमाणें केवळ भाव पाहतों, ही विसंगति नव्हे काय?

म्हणून गृहिणींना व धान्य आणणाऱ्या गृहस्थांनाही कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. शाळू माघ-फाल्गुनांत निघतो. वर्षाचें धान्य त्या वेळीं भरावें. दुकानदाराला जातीबरोबर हंगाम आणि गांवही विचारावें. दाणा उजेडांत पाहावा. तो टपोरा व मोतिया असावा, त्याच्या बुडाशीं काळे ठिपके नसावेत. दांताखालीं तो ‘टक्’ असा फुटला पाहिजे. एवढ्यावरही विश्वास न ठेवतां प्रथम एकच किलो आणावा, दळून दोन दिवस भाकरी करावी, आणि मग पोतें घ्यावें. पीठही एकदम फार दळूं नये. ज्वारीच्या अंकुरांत स्निग्धांश असतो. पीठ जुनें झालें कीं त्याला खवट वास येतो, आणि त्याची विरी जाते, असें आमच्या बायका म्हणतात. उत्तम शाळूचीही भाकरी मग मोडते. तेव्हां भाकरी मोडली कीं आधीं धान्य पाहावें, मग पीठ पाहावें, आणि करणारीच्या हाताकडे अगदीं शेवटीं यावें.

आरंभीं सांगितलेल्या बेटाकडे जातां जातां पुन्हां एकदां पाहूं. रायची जात राखावयाला सबंध बेटाला एकमत व्हावें लागलें. ज्वारीचें तसें नाहीं. तिचें फूल बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळतें. एखाद्या शेतकऱ्यानें दरवर्षीं मळणीपूर्वीं शेताच्या मध्यभागांतील चांगलीं, एकसारखीं कणसें निवडून बियाण्याला बाजूला काढलीं, तर जात त्याच्या घरांत पुष्कळ वर्षें टिकते. गूळभेंडीला अथवा मालदांडीला बेट लागत नाहीं. बांधाकडेच्या चार ओळी पुरतात. पण त्या चार ओळी त्यानें कोणासाठीं पेराव्या? तें धान्य नांवानें मागणारें, चार पैसे अधिक देऊन नेणारें एखादें घर शहरांत असेल, तरच त्या ओळी पुढच्या हस्तांत पुन्हां पेरल्या जातील.

आमच्या घरीं आतां शाळू माढ्याहून येतो. आत्याबाईंनीं पहिल्या पोत्याबरोबर एका चिंधींत वेगळे बांधून मूठभर दाणे पाठविले होते. “हा नमुना डब्यांत ठेव,” असा त्यांचा निरोप होता, “पुढच्या वर्षीं मी नसलें तर याच्याशीं ताडून घे.” तो डबा आम्हीं जपून ठेवला आहे. आपणही आपल्या घरीं असा एक डबा ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.