रोवलेल्या दांताची निगा



पडलेल्या दांताच्या जागीं जबड्याच्या हाडांत टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर नवा दांत चढवितात. दंतवैद्य त्याला इंप्लांट म्हणतात. खर्च बराच होतो, म्हणून काम संपलें कीं माणूस सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, "चला, या दांताला आतां कीड लागावयाची नाहीं!" तें खरेंच आहे. परंतु ज्या हाडांत हा दांत उभा आहे तें हाड आणि त्याला वेढणारी हिरडी हीं कांहीं धातूचीं नाहींत. मला आज बोलावयाचें आहे तें त्यांच्याविषयीं.

टायटेनियम आणि हाड यांची गट्टी जमते, हें स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानांत १९५२ सालच्या सुमारास आलें. ते सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते आणि त्यासाठीं बसविलेली टायटेनियमची कुपी पुढें निघतां निघेना! १९६५ सालीं त्यांनीं पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत असे स्क्रू बसविले. तो रुग्ण २००६ सालीं वारला, तोंपर्यंत ते त्याच्या उपयोगीं पडत होते. मग दुसऱ्या एखाद्याच्या तोंडांत हीच वस्तु थोड्या वर्षांत कां निकामी होते?

निसर्गानें दिलेला दांत हाडांत ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्यें सूक्ष्म तंतूंचा पडदा असतो आणि त्या तंतूंवर दांत जणूं तोललेला असतो. हिरडीचे तंतुहि मुळाच्या पृष्ठांत आडवे शिरून तिला घट्ट धरून ठेवतात. रोवलेल्या दांताला हा पडदाच नाहीं. हिरडीचे तंतु धातूंत शिरत नाहींत. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवतीं असावी तसे ते नुसते भोंवतीं असतात. रक्ताचा पुरवठाहि तेथें कमी. अर्थात् कडेला जंतूंचा थर सांचला, तर हाडाकडे जाणाऱ्या वाटेवर पहारा दुबळा असतो.

प्रथम सुजते ती हिरडी. या अवस्थेंत थर नीट काढला तर ती पूर्ववत् होऊं शकते. सूज हाडापर्यंत पोंचली म्हणजे हाड झिजूं लागतें, आणि गेलेलें हाड आपण होऊन परत येत नाहीं. कठीण गोष्ट ही कीं, हें सर्व बहुधा न दुखतां चालतें. दांत हलतहि नाहीं. तळाशीं थोडें हाड शिल्लक असलें तरी स्क्रू घट्टच राहतो. कधीं नुसती वरची टोपी सैल होते, ती बसवितां येते. पण स्क्रूच हलूं लागला तर तो काढावा लागतो. म्हणून घासतांना रक्त दिसणें हीच वेळेवर मिळालेली सूचना समजावी. रक्त येतें म्हणून तेथें घासणें सोडणारे पुष्कळ असतात. त्यांनीं तेथेंच अधिक हळुवारपणें, पण अधिक वेळ घासावें आणि दंतवैद्याकडे जावें.

घासावयाचें तें मऊ ब्रशानें, हिरडीच्या कडेवर. दोन दांतांमधील फटीसाठीं बाटली धुण्याच्या ब्रशासारखा चिमुकला ब्रश मिळतो. त्याची तार प्लास्टिकनें मढविलेली असावी. रात्रीं एकदां तो फिरविल्यावांचून निजूं नये. मिश्रीची संवय असेल तर ती मोडावी. ती तंबाखूच आहे, आणि हिरडीला चोळल्यानें तिचें औषध होत नाहीं. विडी-सिगारेटचें तेंच. मधुमेह्यांनीं रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवावी. ज्यांचे मूळचे दांत पायरियानें गेले त्यांना धोका अधिक; त्यांनीं तीन-चार महिन्यांनीं, इतरांनीं निदान सहा महिन्यांनीं तपासणी करून घ्यावी. टोपी बसविली त्या वेळचें क्ष-किरण छायाचित्र मागून घरीं जपून ठेवावें. पुढें हाड किती उतरलें हें त्याच्याशीं ताडून पाहतां येतें.

आणखी एक. टोपी कायमची बसविण्यापूर्वीं, तो चिमुकला ब्रश तिच्या दोन्ही बाजूंनीं आंत जातो कीं नाहीं, हें दंतवैद्याला आरशांत दाखवावयास सांगा. टोपी फुगीर असेल तर ब्रश अडतो. सिमेंटनें बसविली असेल तर हिरडीखालीं उरलेला कण काढला ना, हेंहि विचारा. तो कणहि पुढें हिरडी सुजवितो. असें विचारण्यांत संकोच बाळगूं नये. चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाहीं.