ज्ञातीचे दप्तर आणि नवी यंत्रे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह आणि ज्ञातीचा पूर्वेतिहास यांविषयी विद्वानांचे विचार आपण ऐकत आलो आहोत. यंदा चालकांनी आम्हांस निराळा विषय नेमून दिला आहे. सभासदांची नोंदवही, विद्यार्थी-साहाय्याचे अर्ज आणि वधूवर-सूचक विभागाची टिपणे हे आपले दप्तर इंटरनेटद्वारे अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील कुटुंबांस घरबसल्या उपलब्ध व्हावे, असा मंडळाचा मानस आहे. ही सेवा कंटेनर पद्धतीने क्लाउडवरील यंत्रांत कशी उभारावी, हा आजचा विषय होय. तो कित्येकांस रुक्ष वाटेल. परंतु ज्या दप्तरात आपल्या मुलीची जन्मवेळ आणि आपल्या घरचे उत्पन्न लिहिलेले आहे, त्याच्या रक्षणाचा प्रश्न कोणत्याही कुटुंबास परका नाही.

दप्तर एकाच जागी असणे किती धोक्याचे, हे आपल्या उपनगरांनी २६ जुलै २००५ रोजी अनुभवले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यांवरील कपाटे पाण्याखाली गेली आणि अनेक कुटुंबांचे व संस्थांचे कागद चिखलात मिळाले. कागदाऐवजी कार्यालयातील एका संगणकात सर्व नोंदी भरल्या, तरी हे संकट टळत नाही. फक्त त्याचे रूप पालटते.

आता क्लाउड म्हणजे काय, ते पाहू. नाव मेघाचे असले, तरी ही वस्तू पक्क्या इमारतींत नांदते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळाच्या तारा भूमीवर येतात. चांदिवलीत आणि मुलुंडची खाडी ओलांडताच ऐरोली, रबाळे, महापे या भागांत संगणकांनी भरलेली मोठमोठी भवने उभी आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपापली क्लाउड-केंद्रे सुरू केली. त्यामुळे आपले दप्तर परदेशी न धाडता याच महानगराच्या परिसरात, वापर होईल तेवढ्याच काळाचे भाडे देऊन, ठेवता येते.

तथापि भाड्याने मिळते ते सबंध यंत्र नसते. एका बलाढ्य संगणकाचे विशेष प्रणालीने अनेक भाग पाडतात, आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण यास स्वतंत्र कुंपणाचा बंगला समजू. त्याची विहीर त्याची, जिना त्याचा. शेजारच्या बंगल्यात कोण राहतो याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. कंटेनर ही याच बंगल्याच्या आवारात बांधलेली चाळ होय. प्रत्येक बिऱ्हाडास आपले दार आणि आपली चूल असते, पण नळ आणि जिना सामाईक असतो. कंटेनरही यंत्राची मूळ प्रणाली वाटून घेतात. म्हणून ते हलके असतात, क्षणार्धात सुरू होतात, आणि एका यंत्रात अनेक मावतात.

या नावाचा उगम गोदीत आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यावसायिकाच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ पेट्या न्यूआर्कहून ह्यूस्टनला नेल्या. तोवर जगातील अनेक बंदरांत, आपल्या मुंबईतही, पोते नि पोते मनुष्याच्या पाठीवरून चढत व उतरत असे. ठराविक मापाची पेटी आली आणि आतील मालाशी जहाजास, आगगाडीस वा मालमोटारीस कर्तव्य उरले नाही. आपल्याकडे १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर या पेट्यांच्याच बळावर वाढले. संगणकाच्या क्षेत्रात हाच विचार २०१३ साली 'डॉकर' या साधनाने सर्वतोमुखी केला. कार्यक्रम व त्यास लागणारे सर्व साहित्य एका बंद पेटीत भरावयाचे. मग ती पेटी विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर जशी चालते, तशीच क्लाउडवरील यंत्रातही चालते.

येथे कोणी विचारील, की चाळ बांधावयाची तर बंगला कशास हवा? त्याचे उत्तर या व्यवस्थेचे मर्म आहे. कंटेनरची भिंत पातळ असते. मूळ प्रणालीत दोष निघाल्यास एका बिऱ्हाडातला चोर दुसऱ्यात शिरू शकतो. म्हणून परक्यांपासून आपले रक्षण व्हर्च्युअल मशीनच्या जाड भिंतीने करावे, आणि आपल्याच निरनिराळ्या विभागांची व्यवस्था कंटेनरांनी लावावी. सभासद-नोंदीचा कंटेनर वेगळा, विद्यार्थी-साहाय्याचा वेगळा, वधूवर-सूचकाचा वेगळा. एकात बिघाड झाला, तरी दुसऱ्याचे काम सहसा अडत नाही.

प्रत्यक्ष उभारणीचा क्रम असा असावा. प्रथम मुंबई केंद्रातच, परंतु परस्परांपासून विभक्त अशा दोन विभागांत, दोन लहान यंत्रे घ्यावीत. म्हणजे एका भवनाची वीज गेली, तरी सेवा चालू राहील. त्यांच्यापुढे येणारी मागणी दोहोंत वाटून देणारा एक द्वारपाल बसवावा. बाहेरच्या जगास सुरक्षित संकेतस्थळाचा एकच दरवाजा उघडा ठेवावा आणि बाकीचे बंद करावेत. प्रत्येक कंटेनर कसा घडवावयाचा, याची लेखी कृती जतन करावी. कारण या पेटीची खरी किंमत तिच्या कृतीत असते. कृती हाती असेल, तर मोडकी पेटी दुरुस्त करीत बसण्याचे कारण नाही. ती टाकून नवी घडवावी. कंटेनरास सर्वाधिकार देऊ नयेत, त्याने किती स्मृती वापरावी याची मर्यादा घालावी, आणि गुप्त परवलीचे शब्द पेटीच्या आत कदापि लिहू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. कंटेनर टाकाऊ आहे. दप्तर टाकाऊ नाही. कंटेनर नाहीसा झाला, की त्याच्या आत लिहिलेले सर्व त्याच्याबरोबर जाते. यास्तव नोंदी कंटेनरच्या बाहेर, स्वतंत्र माहितीकोशात ठेवाव्यात. त्या कोशाची प्रत रोज काढावी, आणि एक प्रत मुंबईबाहेरील केंद्रात असावी. प्रत काढली एवढ्याने समाधान मानू नये. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून संपूर्ण दप्तर पुन्हा उभे करून पाहावे. जी प्रत परत वाचता येत नाही, ती असून नसल्यासारखीच.

'कुबरनेटीस' या साधनाचे नाव आपल्या तरुणांच्या तोंडी असते. गूगलने २०१४ साली ते प्रसिद्ध केले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्याच्या भाषेत तांडेल. शेकडो कंटेनरांचा तांडा हाकणाऱ्या संस्थांस तो आवश्यक आहे. पण दोन होड्यांसाठी आरमाराचा सरखेल नेमण्याचे प्रयोजन नाही. आपल्यासारख्या मंडळास दोन यंत्रे, चारपाच कंटेनर आणि त्यांची नीट लिहिलेली कृती पुरेशी आहे. जे आपणांस समजते आणि सांभाळता येते, तेवढेच उभारावे.

खर्चाविषयीही सावध राहिले पाहिजे. भाडे काळानुसार चढत असल्याने विसरलेले यंत्र रात्रंदिवस देयक वाढवीत राहते. म्हणून मासिक मर्यादा ठरवून ती ओलांडताच खजिनदारांस सूचना जाईल, अशी तजवीज आरंभीच करावी.

यंत्रांची व्यवस्था अशी लागेल. परंतु किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. होतकरू तरुण हौसेने सेवा उभारतो, खाते स्वतःच्या नावे उघडतो, पुढे नोकरीनिमित्त बंगळूरला वा अमेरिकेस जातो, आणि संस्थेचे दप्तर कुलूपबंद होते. यात त्या तरुणाचा दोष नाही. दोष व्यवस्थेचा आहे. खाते मंडळाच्या नावे असावे, अधिकार किमान तीन पदाधिकाऱ्यांत वाटलेले असावेत, आणि सर्व रीत सोप्या मराठीत लिहून कार्यालयात ठेवावी. पदाधिकारी बदलले, की त्याच दिवशी जुने अधिकार काढून घ्यावेत. हिशेबाच्या वह्या देताघेताना आपण जी शिस्त पाळतो, तीच येथेही पाळावी.

कायद्याचीही दृष्टी आता इकडे वळली आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. माहिती घेताना संमती घ्यावी, ती कशासाठी हवी हे सांगावे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची अनुमती घ्यावी, हे त्याचे तत्त्व आहे. कायदा नसता, तरी हा आपला धर्मच होता. वधूवरांची टिपणे पाहण्याचा अधिकार सर्व स्वयंसेवकांस असू नये. विद्यार्थ्यास साहाय्य मिळाल्यावर त्याच्या घरच्या दारिद्र्याचा दाखला वर्षानुवर्षे जपून ठेवण्याचेही कारण नाही. काय ठेवावे याइतकेच काय पुसून टाकावे, हेही ठरवावे लागते.

ज्या वडीलधाऱ्यांस ही साधने वापरता येत नाहीत, त्यांच्यासाठी छापील सभासद-सूची आणि कार्यालयातील समक्ष नोंदणी चालूच ठेवावी. नव्या सेवेने कोणाचाही मंडळाशी असलेला संबंध तुटता कामा नये.

शेवटी एक विनंती. प्रत्येक उपनगरातून दोन सभासदांनी, त्यांत किमान एका भगिनीने, ही रीत शिकून घेण्यास पुढे यावे. पूर्वजांनी पैपैसा जोडून ही संस्था उभारली आणि वह्या जीवापलीकडे सांभाळल्या. वहीचे रूप पालटले, तरी तो विश्वास सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे.