जुनी फोर बाय फोर घेताना



सुगी संपून हातात चार पैसे आले, की आमच्या आजरा भागात पारावर एक विषय हमखास निघतो. कुणीतरी म्हणतो, "अमक्या गावात एक जुनी पिकअप निघालीय. फोर बाय फोर आहे, आणि मोडीच्या भावात देतोय." दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे मोटारसायकलवरून गाडी बघायला निघतात. बरोबर एखादा जाणता मिस्त्री न्यावा, हे मात्र कुणाला सुचत नाही. आम्हालाही सुचले नव्हते. त्याची किंमत आम्ही कशी मोजली, ते पुढे सांगेन. अशी गाडी निवडावी कशी, आणि घेतल्यावर तिच्यावर पैसा कोणत्या क्रमाने घालावा, एवढेच आज बोलायचे आहे.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा : मला ही गाडी खरोखर हवी का? साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. जुन्या गाड्यांत तिचा वेगळा दांडा असतो. तो ओढला की जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. आणखी एक 'लो'ची जागा असते. तिच्यात वेग घटतो आणि ओढ वाढते. ही रचना आपल्याकडे नवी नाही. १९४७ पासून महिंद्र कंपनीने जीप आणली, तेव्हापासून खेड्यापाड्यांनी ती पाहिली आहे. पुढे बोलेरो कॅम्पर, टाटांची झेनॉन, २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस, अशा पिकअप गाड्याही या रचनेत निघाल्या.

पावसाचे चार महिने तुमच्या शेताची वाट चिखलात असेल, किंवा खडी चढण चढून माल काढावा लागत असेल, तर ही गाडी उपयोगी आहे. पण घर ते बाजार डांबरी रस्ता असेल, तर साधी पिकअप बरी. जादा शाफ्ट, जादा जॉइंट म्हणजे जादा डिझेल आणि जादा दुरुस्ती. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चारही चाकांना जोर मिळाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात!

आता निवड. आधी कागद बघा, मग गाडी. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा चढवलेला असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा, फिटनेस आणि थकलेले दंड परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर दिसतात. माल वाहणारी गाडी आठ वर्षांपुढची असेल, तर तिचे फिटनेस दरवर्षी करून घ्यावे लागते. सरकारी खात्याची पंधरा वर्षांपुढची गाडी कुणी स्वस्तात देऊ केली, तर सावध राहा. अशा गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते. आणि सौदा झाला की नमुना २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर चढवा. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा. "नाव काय, सावकाश चढवू" म्हणणारा पुढे कोर्टाची पायरी चढतो.

कागदांनंतर गाडीच्या खाली शिरा. गोणपाट टाका आणि आडवे व्हा, त्यात लाज कसली? चासी हा गाडीचा कणा आहे. किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीला खारी हवा लागलेली असते. वरून नवा काळा रंग आणि आत गंज, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. हातोडीने हलके ठोकून आवाज ऐका. वेल्डिंगचे जोड कुठे आहेत ते बघा. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचे तेल मिस्त्रीकडून तपासून घ्या. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालक आधीच गरम करून ठेवत असेल, तर काहीतरी झाकायचे आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे.

फोर बाय फोरची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नका. वळताना पुढची चाके मोठ्या वळशाने जातात आणि मागची लहान. जुन्या रचनेत पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधला जातो. चिखलात चाक थोडे घसरून तो ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि शाफ्टला, गिअरला पीळ बसतो. म्हणून नांगरट केलेल्या शेतात न्या, दांडा टाका, 'लो'सुद्धा टाकून बघा, आणि चारही चाके ओढतात की नाही ते खाली उतरून दुसऱ्याने बघावे. चारही टायर एका मापाचे हवेत. मापात फरक असेल, तर तोच पीळ सरळ रस्त्यावरही बसतो.

आता आमची गोष्ट. २०१९च्या उन्हाळ्यात दादांनी अशी एक गाडी घेतली. आईच्या पाटल्या गहाण ठेवून पावणेतीन लाख उभे केले. मी एम.ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा धाकटा भाऊ, म्हणून सल्ला माझा. मी काय सांगितले? "दादा, टायर मोठे घालू, पुढे जाड गार्ड लावू, वर चार दिवे लावू." साठ हजार गेले. गाडी रुबाबदार दिसू लागली आणि गाव बघायला आले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार. ब्रेककडे कुणी पाहिले नाही.

पावसाच्या तोंडावर घनसाळ तांदळाची पोती भरून दादा आंबोली घाटाने सावंतवाडीकडे निघाले. शेजारी आमच्याकडे कामाला येणारा एक गडी बसला होता. अर्ध्या घाटात ब्रेकचा पायडल मऊ लागायला लागला आणि मग तळालाच गेला. दादांनी गिअर उतरवले आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. जीव वाचले. पण त्या गड्याचा हात मोडला आणि त्या वर्षी त्याची लावणीची मजुरी बुडाली. ती आम्ही भरून दिली, पण लावणीच्या दिवसांत घरी बसलेल्या माणसाचे तोंड पैशाने हसत नाही.

मिस्त्रीने नंतर उलगडा केला. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. जुने तेल लांब उतारावर तापले की त्यातल्या ओलीची वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पायडल खाली जातो आणि चाक थांबत नाही. त्यात आमचे मोठे टायर! मोठे, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त श्रम पडतात. शिवाय वेगाचा काटाही खोटे बोलतो. टायरचा व्यास दहा टक्के वाढला, तर काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्नने पळत असते.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावा. आधी थांबणे : ब्रेकचे तेल, नळ्या, लायनिंग, सिलिंडर. मग धरणे : कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, पण चिखलाला चांगल्या नक्षीचे टायर. मग वळणे : स्टिअरिंगचे जॉइंट, पाट्यांचे बुश. मग थंड राहणे : रेडिएटर, होस, पट्टा. त्यानंतर पुढे-मागे ओढायचे भक्कम हुक, आणि एक चांगला दोर. एवढ्यावर पैसे उरले, तरच दिवे आणि रंग. जादा पाटा घातला म्हणून जादा माल भरायचा परवाना मिळत नाही. आरसीवर लिहिलेले वजन तेच राहते. आणि उतारावर चढणीचाच गिअर, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढचे जाड लोखंडी गार्ड लावायलाही बंदी आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारते.

शेवटी गावातल्या शिक्षकांना एक विनंती. सौद्याचे कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. कागद वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. "मिस्त्रीला दाखवली का? ब्रेक कधी बघितले?" हे दोन प्रश्न जरूर विचारा. माझ्याजवळ पदवी होती, पण हे दोन प्रश्न नव्हते. आमच्या आईच्या पाटल्या तीन वर्षांनी सुटल्या. ते दिवे आणि ते गार्ड आम्ही काढून टाकले. गाडी अजून आहे, आणि दादा घाट उतरायच्या आधी, माथ्यावर थांबून, दर वेळी पायडल दाबून बघतात.