घरात पाणी शिरल्यावर पहिले दोन दिवस
(महोत्सवी सभेत झालेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करणारी भाषणे व्हावयाची, ती झाली व आणखीही होतील. आमच्याकडे चालकांनी सोपविलेला विषय मात्र अगदी घरगुती आहे. घरात पाणी शिरले, तर ते ओसरताच घरच्या माणसांनी प्रथम काय करावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. पानसुपारीच्या दिवशी चिखलाच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपले पुष्कळ सभासद बेला, जैनद, भीमपूर ह्या पैनगंगेच्या बाजूच्या मंडलांत, नाही तर आदिलाबाद शहरातील सखल वस्त्यांत राहतात, आणि आषाढ-श्रावणात त्यांची झोप नदी-नाल्याच्या आवाजावर असते. त्यांना हा विषय अप्रस्तुत वाटणार नाही.

पाणी आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग आपल्यापासून तुटून पलीकडे गेले, पण पैनगंगा दोन्हीकडची राहिली. ती चढली की अलीकडच्या लेकीचे घर आणि पलीकडचे माहेर एकाच रात्री भिजते. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९५८ मध्ये, कडमच्या धरणावरून पाणी गेले व त्याचा मातीचा बांध फुटला. त्याच कडमला जुलै २०२२ मध्ये पुन्हा असा लोंढा आला की खालची गावे रातोरात खाली करावी लागली. २०१६ च्या विभाजनानंतर कडम निर्मल जिल्ह्यात गेले आहे, पण आपल्या बोलण्यात ते अजून आपलेच आहे.

पूर थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु पुराने घराचे जे नुकसान होते, त्यातील बराच भाग पाणी घरात असताना होत नसून ते उतरून गेल्यावर होतो, आणि तो पहिल्या दोन दिवसांत आपल्या हालचालींवर अवलंबून असतो. पाणी उतरले की आपले हात आपोआप दोन गोष्टींकडे जातात: पुरुषाचा दिव्याच्या बटणाकडे आणि बाईचा झाडूकडे. ह्या दोन्ही गोष्टी करावयाच्याच आहेत, पण पहिल्याने नव्हे.

प्रथम विजेचे पाहू. पायाखाली पाणी असेल, हात ओले असतील, तर मेन स्विचला हात लावू नये. लाइनमनला बोलवावे किंवा वीज कंपनीच्या १९१२ ह्या क्रमांकावर कळवून खांबावरून पुरवठा बंद करून घ्यावा. स्विच कोरड्या जागी असेल आणि आपण कोरड्यात उभे असू, तरच तो खाली ओढावा. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हल्ली घरोघर इन्व्हर्टर आले आहेत. मेन स्विच पाडला, गावची वीजही गेली, तरी इन्व्हर्टरची बॅटरी घरातील तारांत वीज सोडीतच असते. गावात अंधार आहे म्हणजे भिंतीत वीज नाही, असे धरून चालणे जिवावर बेतते. इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा, आणि तो पाण्यात असेल तर वायरमन येईपर्यंत त्या खोलीत जाऊच नये. भिजलेली बटणे व सॉकेट उघडून, वाळवून, तारांची तपासणी झाल्याखेरीज पुरवठा सुरू करू देऊ नये. फ्रीज, पंखा, पाण्याची मोटर ह्यांचेही तसेच. वायरमन म्हणेल, चालू करून पाहू. त्याला नको म्हणावे.

गॅसची टाकी पाण्यात तरंगली असेल तर रेग्युलेटर बंद करून ती उघड्यावर ठेवावी आणि नळी व रेग्युलेटर वितरकाकडून तपासून घ्यावे. वास आला तर काडी, बटण काहीही न लावता बाहेर पडून १९०६ वर कळवावे. पाण्याबरोबर साप-विंचूही आसरा शोधीत येतात, तेव्हा कपाटामागे व सरपणात हात घालण्याआधी काठी घालावी. दंश झालाच तर मांत्रिकाच्या ओट्यावर वेळ दवडू नये, जखमेवर चीर देऊ नये, करकचून दोरी बांधू नये; माणसाला न चालविता थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. ह्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

आता झाडूविषयी. आमच्या भगिनींना राग येईल, पण आमचे सांगणे असे की झाडू हाती घेण्यापूर्वी घराची छायाचित्रे घ्यावीत. आज प्रत्येक घरात एक तरी मोबाइल असतो. भिंतीवर पाणी कोठवर चढले ती रेघ, पडलेला कोपरा, भिजलेली पोती, गोठा, मेलेले जनावर ही सर्व जशीच्या तशी टिपावीत. एक चित्र असे असावे की ज्यात दाराचा घरक्रमांक दिसेल. मग खुशाल धुवावे. कारण असे: केंद्राने २०२२ ते २०२६ ह्या वर्षांसाठी आपत्ती मदतीचे जे निकष ठरविले, त्यांत सपाटीवरील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले. ह्यातील अंशतः पडझडीला अट अशी की नुकसान निदान पंधरा टक्के असले पाहिजे. घर धुऊन, सारवून, पडलेला कोपरा रचून झाल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाने पंधरा टक्के कोठे पाहावेत? स्वच्छ घर हे गृहिणीचे भूषण खरे, पण पंचनाम्याच्या दिवशी तेच तिच्या विरुद्ध साक्ष देते.

पंचनाम्याचे आणखी एक आहे, आणि ते खास आपल्या मराठी माणसांचे आहे. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू व हिंदी बोलतो, पण तेलुगू वाचता येणारी वडील मंडळी आपल्यात थोडी. पंचनामा तेलुगूत लिहिला जातो आणि आपण भिडेखातर अंगठा किंवा सही करून मोकळे होतो. असे करू नये. शाळेत तेलुगू शिकणारे पोर प्रत्येक गल्लीत आहे. त्याला बोलवावे, कागद मोठ्याने वाचवून घ्यावा, आणि घर कच्चे की पक्के, किती खोल्या, किती जनावरे हे नीट लिहिले आहे ना ते पाहून मगच सही करावी. त्या कागदाचे छायाचित्रही घ्यावे. अधिकारी रागावत नाहीत. आणि रागावले तरी हरकत नाही.

आता भिंतींकडे वळू. आमच्या मते येथेच सर्वांत अधिक दगाफटका होतो. आपल्या खेड्यांतील कितीतरी घरे अजून मातीच्या भिंतींची आहेत, आणि ती उन्हाळ्यात जितकी सुखाची तितकी पुरात नाजूक. मातीची भिंत पाण्यात उभी असताना कधी कधी टिकते आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर ढासळते. तळाची माती भिजून मऊ झालेली असते, वर छपराचा व माळ्याचा भार तसाच असतो, आणि घरची माणसे ऊन पडले म्हणून निर्धास्तपणे त्याच भिंतीला पाठ लावून बसतात. म्हणून आत पाऊल टाकण्यापूर्वी बाहेरून फेरी मारावी. भिंतीला पोट आले आहे काय, कोपऱ्यात भेग उभी गेली आहे काय, दाराची चौकट तिरपी झाली आहे काय, हे पाहावे. ह्यातील काहीही दिसले तर माळ्यावरचा भार उतरवून लाकडी बल्ल्यांचे टेकू द्यावेत, आणि भिंत वाळून तिची खात्री होईपर्यंत रात्री त्या खोलीत निजू नये. मुलांना तर नाहीच. निजावयास जागा नसेल तर संस्थेचे सभागृह आहे, शेजाऱ्याची ओसरी आहे.

आपली जमीन काळी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे? पण शेतात जे होते तेच घराच्या पायाखालीही होते, हे मात्र तो विसरतो. पक्क्या घराच्या भिंतीतही पुरानंतर महिना-दोन महिन्यांनी नव्या भेगा दिसतात त्या ह्यामुळे. तेव्हा पहिल्याच दिवशी घराच्या कडेने चर काढून साचलेले पाणी उताराकडे लावून द्यावे, आणि गिलावा, रंग वगैरे शोभेची कामे हिवाळा लागेपर्यंत करू नयेत. ओल्या भिंतीवर रंग दिला की तो पोपडे धरतो व मागून लोणा फुटतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ती मजबूत होते ही समजूत तर सर्वस्वी चुकीची. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतल्या आत मातीचा चिखल होत राहतो. मातीला मातीचाच गिलावा, भुसा व शेण घालून, हे आपल्या आजीला ठाऊक होते.

घरात मात्र वाळविण्याची घाई करावी. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. दारे-खिडक्या उघडाव्यात, कपाटे भिंतीपासून हातभर ओढावीत, पेट्या रिकाम्या कराव्यात. गाद्यांचे काय, असा प्रश्न येथे निश्चित येतो. छपरातून गळलेल्या स्वच्छ पाण्याने गादी भिजली असेल, तर खोळ उसवून कापूस पातळ पसरावा आणि वाळल्यावर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा; कापसाच्या जिल्ह्यात एवढे होणे कठीण नाही. पण गटाराचे किंवा नदीचे पाणी प्यालेली गादी टाकून द्यावी. ती वरून वाळते, आतून कधीच वाळत नाही, आणि लहान मुलांचा खोकला तिच्यातून निघतो.

धान्याच्या बाबतीत मन घट्ट करावे लागते. पुराचे पाणी लागलेली ज्वारी धुऊन, वाळवून खाण्याचा मोह अनावर असतो, कारण ती वर्षाची बेगमी असते. परंतु आपल्या घरांत कणगीच्या शेजारीच कपाशीवर फवारण्याच्या औषधांचे डबे ठेवलेले असतात. पाणी आले की ते डबे उपडे होतात आणि विष कणगीपर्यंत पोहोचते. ते धुतल्याने जात नाही, दळल्याने जात नाही. असे धान्य माणसाला देऊ नये, बैलालाही देऊ नये. फवारणीची औषधे घराबाहेर, उंचावर, कुलपात ठेवावीत, ही विनंती आम्ही ह्या निमित्ताने करून ठेवतो. नुसत्या गळतीने दमट झालेले धान्य मात्र त्याच दिवशी पातळ पसरले तर वाचते.

विहिरीवरून पुराचे पाणी गेले असेल तर ते प्रथम उपसून काढावे आणि नंतर ब्लिचिंग पावडर टाकावी. नेहमीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम व निदान एक तास वाट पाहणे, असे आहे. पुरानंतर ते वाढवावे लागते, म्हणून आरोग्य खात्याच्या माणसाच्या सल्ल्याने टाकावे. तोवर पाणी खळखळ उकळून प्यावे. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकाच वेळी वापरू नये, त्यातून विषारी वायू निघतो. चिखलात अनवाणी काम करू नये. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने किती माणसे दगावली, ते वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. पुरानंतर ताप आला तर घरी काढा करीत बसू नये.

राहता राहिली कागदपत्रे. पासबुक, शिधापत्रिका, मुलांचे दाखले भिजले तर ते पुसू नयेत व उन्हात टाकू नयेत. शाई फुटते व कागद वळतो. पाने हलक्या हाताने सुटी करून मध्ये कोरे शोषक कागद घालून सावलीत वाळवावीत. गठ्ठा चिकटला असेल आणि चालू फ्रीज जवळपास असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या खान्यात ठेवावा, म्हणजे सवडीने सोडविता येतो. दप्तरखान्यांतून हीच रीत पाळतात. जुनी छायाचित्रे एकमेकांना चिकटली असतील तर स्वच्छ पाण्यात बुडवून सुटी करावीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात पूर आला, त्यानंतर कितीतरी घरांतून माणसांबरोबर पोथ्या व पत्रांचेही सुतक पाळले गेले, असे जुनी मंडळी सांगत.

संस्थेने ह्या वर्षी काही तयारी केली आहे. कोठीत दोन ताडपत्र्या, दोर, गमबूट व टेकूंसाठी बल्ल्या ठेवल्या आहेत. पंप अजून नाही. ज्यांच्याकडे डिझेलचा पंप आहे व जो पावसाळ्यात चार दिवस देता येईल, त्यांनी, तसेच वायरमनचे काम जाणणाऱ्या तरुणांनी आपली नावे सभेनंतर चिटणिसांकडे लिहून द्यावीत. कोठीची किल्ली सभागृहाच्या लगतच्या घरी राहील, आणि ती रात्रीही मिळेल.